पिवळी पट्टी

अंगठ्याच्या नखाने तिने पिवळी पट्टी एका कोपऱ्यातून उचलली, फाटू न देता सोलली आणि दोन बोटं मागे, नळीवरच्या ओरखड्याला अगदी टेकवून, पुन्हा चिकटवली. वरून अंगठा दाबून फिरवला. मग उठून गुडघ्यांवरची खडूची पूड झटकली आणि पर्समधून उगाचच रुमाल काढून हातात धरला. कोणी पाहिलंच, तर तो पडला होता म्हणायला.

कोणी पाहिलं नव्हतं. मुली आत कपडे बदलत होत्या आणि मॅडम दाराबाहेर फोनवर कुणाशी तरी नव्या गाद्यांवरून वाद घालत होत्या. पिटूची आई कठडा ओलांडून अलीकडे आली आणि पालकांच्या बाकावर आपल्या नेहमीच्या जागी, खांबाला पाठ लावून बसली. कठड्याच्या पलीकडे पालकांनी पाऊल टाकायचं नाही, असा मॅडमचा सक्त नियम होता. पण नियम पाळत बसणाऱ्यांच्या लेकी मागे राहतात, अशी तिची आताशा खात्री झाली होती.

बार म्हणजे जिम्नॅस्टिक्सच्या दोन आडव्या दांड्या, एक उंच, एक ठेंगणी. त्यांच्यातलं अंतर प्रत्येक मुलीच्या मापाचं ठेवायचं. त्यासाठी खालच्या सरकत्या नळीवर प्रत्येकीच्या रंगाची चिकटपट्टी लावलेली होती. जिचा नंबर असेल तिच्या पट्टीपर्यंत दुसऱ्या एखाद्या मुलीने नळीच्या टोकाची मूठ फिरवून नळी आणायची. पट्टी पुढे सरकली तर अंतर वाढणार, मागे सरकली तर कमी होणार. मॅडमनी पिटूची पट्टी लावली तेव्हा आई कठड्याला टेकून बघत होती. तिथे नळीवर एक ओरखडा होता, तो तिने तेव्हाच लक्षात ठेवला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांच्या दोन बुबुळांमधलं अंतर मोजणारी बाई ती. एवढीशी गोष्ट तिच्या नजरेतून सुटत नसे.

म्हणून मागच्या महिन्यात ती पट्टी ओरखड्याच्या पुढे गेलेली दिसली, तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तिने गुपचूप ती जागच्या जागी आणली. काही दिवसांनी पाहते तर पुन्हा पुढे. हा योगायोग नव्हता. निवड चाचणी तोंडावर आली होती, निवासी प्रशिक्षण केंद्रात या हॉलमधून एकच मुलगी जाणार होती, आणि ती पिटू असणार हे मॅडमच्या तोंडून सगळ्यांनी ऐकलं होतं.

कोणाच्या पोटात दुखत असेल, यावर आईला फार डोकं खाजवावं लागलं नाही. दुसऱ्या क्रमांकावर होती हिरव्या पट्टीची साळुंकी, दिवसभर टकळी चालू असणारी म्हणून मुलींनीच ठेवलेलं नाव. तिला गाडीतून आणणारी-नेणारी तिची आत्या म्हणजे साखरेत घोळलेलं बोलणं. पिटूला घरी सोडते म्हणायची, पिटूसाठी जादा पाण्याची बाटली आणायची. इतकं चांगलं कोणी कोणाशी फुकट वागत नाही.

"पिटूचे पाय किती सुरेख झालेत हो," आत्या आजही बाकावर टेकता टेकता म्हणाली. "लांबसडक अगदी."

"तिचे पाय पहिल्यापासून तसेच आहेत," आई म्हणाली आणि पर्स दोघींच्या मध्ये ठेवली.

लांबसडक म्हणे! केंद्रवाल्यांना छोट्या चणीच्या मुली लागतात हे ठाऊक असूनच बोलत होती बया. मॅडमच्या कानावर दोनदा घातलं की झालंच. पिटूला पिटू म्हणतात ते काय उगाच? हॉलमध्ये आली तेव्हा तिला खडूच्या डब्यावर उभं राहून दांडी धरावी लागायची. घरी जेवताना आई गमतीने म्हणायचीच, "निवड होईपर्यंत उंचीला म्हणावं, जरा दम धर." बाबा हसायचे. पिटूही हसायची, जरा उशिरा.

पिटूचा नंबर आला. मूठ फिरवायला साळुंकीच पुढे झाली. नळी पट्टीपर्यंत आणता आणता ती थबकली, पट्टीकडे पाहिलं, मग पिटूकडे पाहिलं. पिटूने मान किंचित हलवली. मॅडम शेजारीच हाताची घडी घालून उभ्या होत्या.

आईने ती नजर टिपली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आपली सरकवलेली पट्टी जागेवर आलेली पाहून पोरगी दचकली होती.

पिटूने वरची दांडी पकडली, अंगाला झोका दिला. एक फेरी, दुसरी फेरी. तिसरीला खाली येताना तिच्या उजव्या पायाची बोटं खालच्या दांडीवर अशी आपटली की बाकापर्यंत आवाज आला. हात सुटले आणि ती गादीवर कुशीवर पडली.

"काही नाही, काही नाही," उठायच्या आधीच पिटू म्हणाली. ट्रॅकपँट तिने नेहमीसारखी गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली होती. लंगडत ती कडेला गेली.

"झोका उशिरा तुटतोय तुझा, पाय वेळेवर वर येत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "काल किती छान झालं होतं. एक दिवस सोनं, एक दिवस माती. काय चाललंय काय?"

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. काय चाललंय ते त्या साळुंकीला विचारा की! चुकीच्या अंतरावर सराव करून लेकराच्या अंगाला चुकीची सवय लागत होती आणि अंतर बरोबर केलं की ते आपटत होतं. त्या आत्या-भाचीला हेच तर हवं होतं. चोराला रंगेहाथ पकडल्याशिवाय मॅडम ऐकायच्या नाहीत. नव्या गाद्यांचे अर्धे पैसे आत्यांनीच दिले होते.

दुसऱ्या दिवशी तिने दुकानातून डोकेदुखीचं निमित्त काढलं आणि सराव सुरू व्हायच्या बरंच आधी हॉल गाठला. सफाईवाली नुकतीच बादली घेऊन बाहेर पडत होती. भिंतीशी जुन्या गाद्यांची चळत होती, माणसाच्या उंचीची. त्या चळतीमागे आई शिरली. रबराचा आणि घामाचा आंबूस वास होता. फट बरोबर बारसमोर येत होती. आत्या आली तर काय बोलायचं, हे तिने बसमध्ये मनातल्या मनात दोनदा घोकून ठेवलं होतं.

दार वाजलं. साळुंकी.

"ये लवकर, मॅडम यायच्यात," साळुंकी मागे वळून म्हणाली आणि दारातच उभी राहिली.

तिच्या मागून पिटू आली. बोटांना पट्टी बांधलेली, टाचेवर चालत. ती नळीपाशी बसली, वाकून पाहिलं आणि तशीच बसून राहिली.

"परत?" साळुंकीने विचारलं.

"परत मागे आणलीये. अगदी ओरखड्याला."

"कोण आहे गं हा? तुझ्यावर कोण एवढं जळतं?"

"माहीत नाही."

"मॅडमना सांग ना सरळ. की मी वाढलेय, माझे पाय आपटतात, पट्टी पुढे हवी. त्यात काय?"

"सांगितलं की उंची नीट मोजतील. दर वेळी गुडघे वाकवून उभी राहते मी, तेवढ्यावर निभतंय. मग घरी कळेल." पिटूने नखाने पट्टीचा कोपरा उचलला, फाटू न देता. अगदी आई उचलायची तसा. "आई म्हणते निवड होईपर्यंत वाढू नकोस."

"गमतीने म्हणते."

"रोज म्हणते."

साळुंकीने दाराबाहेर एकदा डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "सापडू दे तो एकदा. आत्याला सांगते मी."

पिटूने पट्टी दोन बोटं पुढे चिकटवली आणि वरून अंगठा फिरवला. दोघी गेल्या. गाद्यांच्या मागे आईने भिंतीला हात टेकला. तीन वेळा आपटली होती पिटू. तिन्ही वेळा ती बाकावरून उठून उभी राहिली होती आणि तिन्ही वेळा तिने आत्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने पाहिलं होतं.

त्या संध्याकाळी पिटूने सगळ्या फेऱ्या सफाईने घेतल्या. पाय खालच्या दांडीवरून निसटता गेला, लागला मात्र नाही. "हे बघा, हे!" मॅडम ओरडल्या. आत्याने टाळ्या वाजवल्या. आईने मधली पर्स उचलून मांडीवर घेतली.

घरी न्हाणीच्या उंबऱ्यावर बसून पिटूने पाय बर्फाच्या बादलीत सोडला. आई समोर फरशीवर बसली. बोट निळं पडलं होतं. आईने ते पाण्यातच हलक्या हाताने धरलं.

"आई," पिटू म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

"नाही."

"बारवरची माझी पट्टी कोणीतरी सरकवतं. खरंच. मी पुढे केली की मागे आणतं." ती पाण्याकडे बघत होती. "तू बाकावर बसतेस ना रोज. लक्ष ठेवशील? तुझ्या नजरेतून काही सुटत नाही."

नळातून एक थेंब पडला, मग दुसरा. ठेवते म्हणणं सोपं होतं. उद्यापासून पट्टीला हात लावायचा नाही, की प्रश्न मिटला. आईच्या जिभेवर तो शब्द आलाही होता.

"मी सरकवते," ती म्हणाली.

पिटूने वर पाहिलं.

"मला वाटलं कोणीतरी पुढे करतंय. तुझं वाटोळं करायला. म्हणून मी जागेवर आणत होते." आईने पाण्यातल्या बोटाकडे पाहिलं. "मीच गं. हे बोट माझ्यामुळे झालंय."

पिटूने पाय तिच्या हातातून सोडवून घेतला. पाणी फरशीवर सांडलं. आई रागाची वाट बघत होती, आणि तो आला असता तर तिला बरंही वाटलं असतं.

"म्हणजे," पिटूने शेवटी विचारलं, "तुला दिसलंच नाही? मी वाढलेय ते?"

आईने हात पुढे करून गुडघ्याशी गुंडाळलेली ट्रॅकपँट उलगडायला घेतली. एक घडी, दुसरी, तिसरी. कापड संपलं ते घोट्याच्या कितीतरी वर.

"उद्या मॅडमना सांगू," ती म्हणाली.

"मग नाही घेणार मला."

"नाही घेतलं तर..." तिने ट्रॅकपँटची कड सारखी केली. "तर नाही. उभी राहा बघू."

पिटू उभी राहिली, मॅडम उंची मोजत तेव्हा ती राहायची तशी. गुडघे किंचित सैल, मान खांद्यांत ओढलेली.

"अशी नाही. सरळ."

पिटूने भिंतीला हात टेकून गुडघे ताठ केले. मग पाठ, मग मान. फरशीवर बसलेल्या आईने तिच्याकडे बघायला मान वर केली, आणि मग तिला ती अजून थोडी वर करावी लागली.