टेबलाखाली वाकून बघा

मी एक जुने टेबल आहे, मित्रांनो. स्वयंपाकघरातले, पाइनच्या साध्या लाकडाचे. आणि सध्या माझे डोके फार तापलेले आहे. माझ्याभोवती दोरी बांधून पाटी लावली आहे: ‘थोर लेखक अँब्रोज थर्लबी यांचे लेखनाचे टेबल.’ हे अर्धेच खरे आहे. माझ्यावर पीठ मळले जाई, कांदे चिरले जात, आणि उरलेल्या कोपऱ्यात थर्लबी लिहीत बसत. इंग्लंडच्या हिवाळ्यात त्या घरात ऊब फक्त चुलीपाशीच होती.

चर्चचे जुने बाक मोडून गावच्या सुताराने मला घडवले. थर्लबींना एक खोड होती. चांगले वाक्य सुचले की ते कागद शोधत बसत नसत, पेन्सिलीने थेट माझ्या अंगावर लिहीत. दर शनिवारी घरकाम करणाऱ्या डॉर्कसबाई टॅपर सोडा टाकून मला घासत. त्याआधी वहीत उतरले ते टिकले, बाकीचे बादलीत गेले.

त्या वेळी पाद्री आणि चर्चचा घंटावाला अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. डॉर्कसबाई लाटता लाटता म्हणाल्या, “कशावरून भांडले ते दोघांनाही आठवत नाही, साहेब. भांडण शिळं झालं की त्यालाच तत्त्व म्हणायचं, दुसरं काय!”

थर्लबींनी पीठ बाजूला सारून वाक्य लिहून घेतले.

“आता हे तुमच्या नावावर खपवणार वाटतं?” बाईंनी विचारले.

“छे! तुमच्या नावानं जाईल,” ते म्हणाले आणि खाली लिहिले, ‘डॉर्कस टॅपर म्हणाल्या.’

बाईंनी त्या शनिवारी मला सगळे घासले, तेवढी जागा सोडून. नंतरच्या प्रत्येक शनिवारीही सोडली. पण थर्लबींनी वहीत फक्त वाक्य उतरवले होते, नाव नाही. महिन्याभरात ते न्यूमोनियाने गेले आणि वही तशीच छापली गेली. आज ते वाक्य कपांवर आणि भांडी पुसायच्या फडक्यांवर विकतात. खाली नाव थर्लबींचे.

गेल्या वसंतात या घराचे थर्लबी स्मारक करायचे ठरले आणि स्मारक समितीच्या मिसेस ग्रिमवुड आल्या. “ई, किती कळकट! लोक काय म्हणतील?”

पॉलिश कागद घेतलेला माणूस थांबला. “बाई, इथं काहीतरी लिहिलंय.”

“मोलकरणीनं खरडलं असेल. घासा!”

घासले! मग मेण चोळून मला चकचकीत केले. लेखकाच्या नावाने जमलेल्या या माणसांना दोन ओळी वाचाव्याशा वाटल्या नाहीत. याचा संताप मी कुठे नेऊ?

पंधरा दिवसांनी डॉर्कसबाईंची नात हेझल आली. माझ्यावरून हात फिरवत राहिली. “आजी सांगायची, माझं नाव आहे त्या टेबलावर. सगळे तिला थापाडी म्हणायचे. मीसुद्धा हसले होते. ती जाईपर्यंत कोणी मानलं नाही.”

“किती गोड आठवण!” मिसेस ग्रिमवुड म्हणाल्या. “बसा हं, चहा टाकते.” नको असलेल्या माणसाला वाटेला लावायची इथली हीच रीत आहे. आधी चहा द्यायचा, मग दार दाखवायचे.

त्या आत गेल्या. हेझलने पर्समधून पेन्सिल काढली आणि दोरी ओलांडली. पण मेणावर पेन्सिल उठेना, नुसती घसरत राहिली. तिचे डोळे भरले. मग काय वाटले कोण जाणे, ती गुडघ्यांवर बसून माझ्याखाली शिरली. तिथे कोणी मेण लावले नव्हते. कोरड्या लाकडावर पेन्सिल कशी ठसठशीत उठली! चहा येईपर्यंत ती निघूनही गेली होती.

मिसेस ग्रिमवुड कधी खाली वाकत नाहीत, म्हणून हेझलने लिहिलेले अजून शाबूत आहे.

मित्रांनो, जुनी वस्तू चकचकीत करायच्या आधी तिच्यावर काय आहे ते वाचा. आणि इथे आलात तर पाटीपुढे ताटकळू नका. बुटाची नाडी सुटली असे दाखवा, खाली बसा आणि वर बघा. तिथे लिहिले आहे: ‘डॉर्कस टॅपर म्हणाल्या. आजी, मी हसले, चुकले.’