उत्तर अजून आलेलं नाही

सतरा वर्षांच्या हेरीनने भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढला, जेवणाच्या टेबलावर पालथा ठेवला आणि खुर्ची ओढून शांतपणे बसली.

मिर्यामच्या हातात पावाची टोपली होती. ती तशीच उभी राहिली.

"जागेवर ठेव तो."

"जेवताना समोर नको मला."

"माझं घर आहे हे."

"म्हणून तर तुमच्याच टेबलावर ठेवला. फेकला नाही."

त्या फोटोत तीन वर्षांची मिर्याम होती. विमानतळावर, अंगाहून दुप्पट मोठ्या कोटात, तिला दत्तक घेणाऱ्या एका उंच, सोनेरी केसांच्या बाईच्या कडेवर. बाई आनंदाने रडत होती. मूल रडत नव्हतं, हसतही नव्हतं. मिर्यामच्या घरी येणारे सगळे त्या फोटोपाशी थांबत आणि काहीतरी गोड बोलत. तो पालथा घालणारी ही पहिलीच.

वाउटरने, मिर्यामच्या नवऱ्याने, चीजचा तुकडा पावावर ठेवला आणि वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "घरात दोन कोरियन बायका आणि मधे मी एकटा डच. मला आधीच पांढरं निशाण देऊन ठेवा."

"एकच कोरियन आहे," हेरीन म्हणाली. तिचं इंग्रजी चांगलं होतं. कुठे घाव घालायचा ते तिला त्या भाषेतही बरोबर कळत होतं.

हा तिसरा दिवस होता. सोलपासून दोन तासांवरच्या एका अनाथाश्रमातली चौदा मुलंमुली एका संस्थेने नऊ दिवसांसाठी नेदरलँड्समधल्या झिरिकझे या गावी आणली होती. परक्या घरात राहायचं, शिडाच्या बोटीवर जायचं, वाऱ्याच्या तोंडावर बंधाऱ्यावरून सायकल हाकायची आणि शेवटी लोकांपुढे उभं राहून बोलायचं. त्याने म्हणे मुलांचा स्वतःवरचा विश्वास वाढतो. गावातल्या चौदा घरांनी एकेक मूल ठेवून घेतलं. मिर्यामचं नाव यादीत सगळ्यात वर होतं. संस्थेच्या योम सरांनी तिला तीन वेळा फोन केला होता. "तुम्ही त्यांच्यातल्याच," ते म्हणाले होते. "तुमच्याकडे बघूनच त्यांना बळ येईल."

तिला ते आवडलं होतं, हे खोटं नाही. शेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात तिच्याकडे बघून कुणाला बळ आल्याचं तिने ऐकलं नव्हतं. तिचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. लोक तिच्याकडे बघत ते चाकातली हवा गेल्यावर. तिने खोली रंगवली, नवी चादर आणली, कोरियन भाषेत "ये, बस" म्हणायला शिकली. हेरीनने दारात ते ऐकलं आणि विचारलं, "हे फोनवरून शिकलात ना?"

चौथ्या दिवशी मिर्यामने तिला बंधाऱ्यावर नेलं. हेरीनला सायकल येत नव्हती. समुद्रावरून वारा असा येत होता, की उभ्या माणसाचेही पाय सुटावेत. दोनदा तोल सावरला, तिसऱ्यांदा ती खडीवर आपटली. गुडघा सोलवटला.

"पडलीस तर पडलीस. ऊठ," मिर्याम म्हणाली. गावातली अर्धी पोरं तिने अशीच ओरडून शिकवली होती.

"मला कडेवर घेऊन कुणी आणलेलं नाही. मला उठता येतं."

मिर्यामने पट्टी पुढे केली. हेरीनने ती घेतली, गोळा करून खिशात घातली आणि रक्त तसंच पोटरीवरून ओघळू दिलं. घरापर्यंत दोघी सायकली हातात धरून चालत आल्या. मधे वीस पावलांचं अंतर.

"आणखी पाच दिवस," त्या संध्याकाळी मिर्याम वाउटरला म्हणाली.

"पोर आहे गं."

"पोर नाही ती. सगळं मोजून मापून बोलते. मी काय तिच्या ताटातलं उचलून आणलं का रे?"

वाउटरने भांडी पुसायला घेतली.

सहाव्या दिवशी योम सर दुकानात आले. तेलाचे डाग टाळत, कोट सांभाळत त्यांनी एक कागद तिच्यापुढे धरला. शनिवारी चर्चच्या सभागृहात कार्यक्रम होता. मुलं बोलतील, पण आधी मिर्यामने बोलावं. मजकूर तयारच होता.

"दुभाषी मुलीचा घसा बसलाय," ते म्हणाले. "हेरीन कोरियनमध्ये सांगेल. तिचा फायदाच होईल, कार्यक्रमात तिने अजून काहीच मनावर घेतलेलं नाही."

"ती माझं बोलणं नीट सांगेल असं वाटतं तुम्हाला?"

योम सर हसले. "मला दोन्ही भाषा येतात, मॅडम."

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. यजमान कॉफीचे कप घेऊन मागे बसले, मुलं पुढे जमिनीवर. मिर्याम आणि हेरीन मंचावर शेजारी उभ्या राहिल्या, आणि लोकांना त्या दोघी मावशी-भाचीसारख्या दिसल्या असाव्यात, कारण पुढच्या रांगेतली शेजारीण डोळे टिपायला आत्ताच तयार होती.

मिर्यामने इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. मी तुमच्यासारखीच होते. माझ्याकडे काही नव्हतं. हेरीन एकेक वाक्य सपाट आवाजात कोरियनमध्ये पोचवत होती.

"पण मी ठरवलं, की मी हरणार नाही," मिर्यामने वाचलं.

हेरीनने ते सांगितलं नाही. मान न वळवता, ओठ जेमतेम हलवत तिने इंग्रजीत विचारलं, "कधी ठरवलंत? विमानात?"

मिर्यामच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इथे, या सगळ्यांसमोर तिला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तिने कागदाकडे पाहिलं. ते वाक्य अजून तिथेच होतं आणि ते खोटं होतं. पोरीचं म्हणणं बरोबर होतं, याचाच तिला जास्त राग आला.

तिने कागदाची घडी घातली.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "तीन वर्षांचं मूल काही ठरवत नसतं. मला कुणी विचारलं नाही. कुणीतरी माझं नाव दत्तकाच्या यादीत घातलं, तुमचं घातलं नाही. त्यात माझी हिंमत नव्हती आणि तुमचा दोष नव्हता. सांग त्यांना."

मागे कपात फिरणारा चमचा थांबला. योम सर खुर्चीतून अर्धवट उठले. "हेरीन, हे नको," ते म्हणाले.

हेरीनने त्यांच्याकडे पाहिलं, मग मिर्यामकडे. आणि सांगितलं. सगळं सांगितलं असावं, कारण मुलांची चुळबुळ एकदम बंद झाली.

जमिनीवरून एक हात वर आला. बित्ना, तेराची, सगळ्यांत लहान. दोन शब्द बोलून ती उत्तराची वाट बघत राहिली. हेरीनने जरा वेळ लावला.

"विचारतेय, आईला शोधलंत का."

वाउटरखेरीज हे कुणाला माहीत नव्हतं. पण मिर्याम आता थांबण्याच्या पलीकडे गेली होती.

"शोधलं. सहा वर्षांपूर्वी. दत्तकाच्या कचेरीतल्या लोकांनी तिला गाठलं. तिने लिहून दिलं, की तिला मला भेटायचं नाही. पुन्हा विचारू नये म्हणून."

हेरीनने ओठ मिटले होते. मग तिने एक लहानसं वाक्य म्हटलं, चार-पाच शब्दांचं, आणि बित्नाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. योम सरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ते जमिनीकडे बघत बसले.

हसली? मिर्यामला पुढचं काही ऐकू येईना. टाळ्या झाल्या, मुलं एकेक करून बोलली, ती खुर्चीवर हात दाबून बसून राहिली. कार्यक्रम संपताच तिने हेरीनला मागच्या दाराशी, सायकलींच्या रांगेपाशी गाठलं.

"काय सांगितलंस तू तिला? माझ्या आईवर हसली ती पोर!"

"हसली, कारण मी सांगितलं, उत्तर अजून आलेलं नाही."

मिर्याम एक पाऊल मागे सरली.

"बित्नाची आई येते म्हणून गेली," हेरीन म्हणाली. "तीन वर्षं झाली. रविवारी ती सकाळी केस धुते आणि फाटकाजवळ बसते. मी तिला आत आणते. दर रविवारी. आणि तुम्ही मंचावरून सांगता, शोधून काढलं तरी आई नाही म्हणते?"

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलंत कुठे? चार दिवस मला सायकल शिकवत होतात."

"तूच तोंड उघडायला लावलंस मला. खोटं बोलू नका म्हणून."

"खोटं नका बोलू म्हणजे सगळं बोला, असं नाही." हेरीनने जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली. "खरं बोलून झाल्यावर तुम्हाला जायला घर आहे. नवरा आहे, दुकान आहे. आम्ही चौदा जण परत तिकडेच जाणार आहोत. पुढच्या वर्षी मी अठराची होईन, मला आश्रमातून बाहेर पडावं लागेल. मग रविवारी तिला आत कोण आणणार?"

ती उत्तरासाठी थांबली नाही. पायीच निघाली. मिर्यामने तिला हाक मारली नाही. त्या रात्री जेवताना दोघी समोरासमोर बसल्या आणि एकमेकींकडे मीठसुद्धा मागितलं नाही.

रविवारी सकाळी बंदराच्या चौकात बस उभी होती. यजमान मुलांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. हेरीनने वाउटरशी हात मिळवला, मिर्यामपुढे रीतीपुरती मान झुकवली आणि आपली बॅग उचलून बसच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली.

मिर्याम जायला वळली तेव्हा बित्ना पळत आली. तिने फोन तोंडाशी धरून काहीतरी भरभर म्हटलं आणि तो मिर्यामच्या कानाशी नेला. फोनमधल्या भाषांतराचा कोरडा बायकी आवाज आला:

"मावशी, तुमचं कोरियातलं नाव सांगा. परत गेल्यावर मी कचेरीत जाऊन विचारीन. पत्र कुठेतरी अडकलं असेल."

तिने एक वही पुढे धरली होती. वहीवर पेन.

मिर्यामने वर पाहिलं. बसच्या पायरीवरून हेरीन तिच्याकडे बघत होती. पहिल्या दिवशीची तीच कडक नजर. पुढचा शब्द जपून, असं बजावणारी.

"हो," मिर्याम म्हणाली. "अडकलं असेल."

तिने पेन घेतलं. दत्तकाच्या कागदावर तिचं जुनं नाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं होतं. तेवढंच तिला माहीत होतं. ती वहीवर वाकून तेच उतरवू लागली. बित्ना अक्षरांकडे बघून गोंधळली.

दोन अक्षरं झाली असतील, तोवर हेरीन पायरीवरून उतरून आली आणि तिने पेन हातातून काढून घेतलं.

"असं लिहिलंत तर सापडणार नाही. बोला."

"येओंग-इम."

"असं नाव नसतं."

"कागदावर तसंच आहे. लहानपणापासून तसंच वाचतेय मी."

हेरीनने अर्धवट लिहिलेली अक्षरं पाहिली. तिच्या कपाळावरची आठी किंचित सैल झाली, मग पुन्हा आवळली.

"डच लोक J चा य करतात, तसं वाचताय. य नाही, ज. जॉंगिम."

"यॉं..."

"ज. जीभ वर लावा."

चालकाने हॉर्न दिला. योम सरांनी बसमधून हाक मारली. हेरीनने तिकडे पाहिलंही नाही.

"जॉंगिम," मिर्याम म्हणाली.

"पुन्हा."

"जॉंगिम."

हेरीनने मान हलवली आणि खाली बसून लिहायला वही गुडघ्यावर घेतली.