गढूळ पाझर

धरणाच्या पायथ्याशी पाणी पाझरायचंच. मातीचं जुनं धरण, थोडंफार पाझरणारच. पाणी नितळ आहे तोवर घोर नाही, हे देखभालीवरच्या बाईंना नोकरीला लागल्यापासून पाठ होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी ते पाणी काचेच्या ग्लासात धरलं, तर तळाशी बारीक माती बसली. म्हणजे धरण आतून पोखरलं जात होतं.

बाई तिथेच दगडावर टेकल्या. धरण रिकामं करायचं म्हटलं तर काय काय ऐकून घ्यावं लागेल, ते त्यांना आत्ताच ऐकू येत होतं. तरी साहेबांना फोन लावला.

"तुम्ही जागेवर आहात. निर्णय तुमचा, सहीही तुमचीच," साहेब म्हणाले. अंग काढून घेण्यात साहेबांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

दुपारी बाईंच्या सहीने धरणाचं दार उघडलं. पाणी नदीत धडधडत सुटलं. पातळी कालव्याच्या तोंडाखाली उतरेपर्यंत ते सोडावं लागणार होतं. उन्हाळाभर कालवा कोरडा राहणार, हे सांगायला कुणा जाणत्याची गरज नव्हती.

दिवस मावळायच्या आत बाईंचा धाकटा भाऊ ऑफिसात हजर झाला. कालव्याकाठी त्याची रोपवाटिका होती. पन्नाशी उलटली तरी घरात तो बारक्याच होता.

"ताई, निदान मला तरी आधी सांगायचंस!"

"तुला आधी सांगून बाकीच्यांना कुठल्या तोंडाने भेटले असते?"

"लिंबाची सगळी कलमं जातील माझी. आणि धरण फुटणारच नसलं तर?"

"तर नसेल फुटणार."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं. पण माझ्याकडे दुसरं नाही रे."

तो पुढ्यातला चहा तसाच ठेवून गेला. भावजयीचे फोन बंद झाले. बाजारात ओळखीची माणसं बाईंना बघून रस्ता ओलांडू लागली. बाईंनीही मग भाजी लवकर जाऊन आणायला सुरुवात केली.

पाणी उतरल्यावर भराव खणला. बघ्यांची ही गर्दी जमली. कधीकाळी तोडलेल्या एका झाडाचं मूळ आत कुजलं होतं आणि त्याच्या जागी बीळ पडलं होतं. मनगट जाईल एवढंच.

"एवढ्याशा भोकापायी?" कुणीतरी बोललं आणि चार जण हसले.

बाई समजावून सांगायला पुढे झाल्या. तेवढ्यात गर्दीतून बारक्या खाली उतरला. त्याने हातातली लांब काठी बिळात सारली. ती सबंध आत गेली, तरी टोक कुठे टेकेना. मुळं कशी वाढतात आणि कशी कुजतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. काठी बाहेर काढून त्याने तिला लागलेला ओला गाळ बोटांनी निपटला.

"कलमं गेली, ताई."

"माहीत आहे."

"राग अजून आहे माझा."

"असू दे."

बीळ मोकळं करून त्यात चिकणमाती ठासून भरायचं काम सुरू झालं. पहिले थर नीट बसलेले बघून बाई निघाल्या. रस्त्याला बारक्या स्कूटर चालू करून थांबला होता.

"जेवलीस?" त्याने समोर बघतच विचारलं.

"नाही."

"बस मग. घरी चल."

बाई मागे बसल्या. भूक अशी नव्हतीच. वाऱ्याने डोळे मिटायला लागले, तसं त्यांनी त्याच्या खांद्याला घट्ट धरलं.