करंजाच्या गस्ती बोटीची कैफियत

मी एक जुनी गस्ती बोट आहे. मित्रांनो, मला म्हातारी म्हणा, पण बिचारी म्हणू नका.

समुद्रातून आलेल्या दहशतवाद्यांनी मुंबई रक्तबंबाळ केली, त्यानंतर मला बांधलं. पनवेलच्या खाडीपासून करंजाच्या बंदरापर्यंत मी गस्त घालत असे. मला चालवायच्या हवालदार वसुंधराताई, पनवेलच्याच. मासेमारीला निघालेले लोक आम्हाला पाहून हात हलवत, तेव्हा मला केवढा अभिमान वाटे!

पुढे सगळं शांत झालं आणि माझ्यासाठीचा निधी आटला. इंजिनाचे सुटे भाग मिळेनात. ताई पुन्हा पुन्हा मागणी करत. साहेब म्हणत, "इतकी वर्षं काही झालं नाही. कशाला खर्च?"

अहो, काही झालं नाही, कारण मी फिरत होते! पण बोटीचं कोण ऐकतं? मी धक्क्याला बांधलेली पडून राहिले. तळाला कालवं चिकटली.

एका सकाळी मच्छीमार काशिराम धावत आले. "ताई, बंदराच्या तोंडाशी एक बोट हाय. नाव नाय, नंबर नाय. इचारलं तर कोन बोलत पन नाय!"

ताईंनी माझी कळ दाबली. मी नुसती खोकले. त्यांनी पुन्हा दाबली. आता तर मी खोकलेसुद्धा नाही. मला लाज नाही वाटली, संताप आला. मला उपाशी ठेवणाऱ्यांचा!

"माजी बोट हाय ना, तुमी चला!" काशिराम म्हणाले. ताई बंदूक घेऊन त्यांच्या लाकडी बोटीत चढल्या. त्या अनोळखी बोटीने थांबण्याचा इशारा जुमानला नाही. काशिरामांच्या बोटीला धडक देऊन ती सुसाट निघून गेली. काशिरामांचा हात मोडला. ती बोट कोणाची होती, काय घेऊन आली होती, ते आजही कोणाला ठाऊक नाही.

चौकशीला मोठे साहेब आले. ताई ताठ उभ्या राहिल्या. "साहेब, मी काशिरामदादांना काय सांगू? किनारा राखायला आमच्याकडे चालू इंजिन नव्हतं, म्हणून तुमचा हात मोडला?"

साहेबांनी धक्क्यावर येऊन माझं बंद इंजिन स्वतः पाहिलं. पावसाळ्यानंतर मला नवं इंजिन मिळालं, आणि जोडीला रडार असलेली एक नवी बोटही आली.

मित्रांनो, मी आज पुन्हा लाटा फोडते आहे. संरक्षणावरचा खर्च वाया जातो असं कोणी म्हणालं, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. मी त्याला भर समुद्रात नेईन आणि विचारीन, "बाबा रे, इथे इंजिन बंद पडलं तर चालेल का तुला?"