छापील धोबीण

पीटर्सबर्गच्या त्या तळघरात एकेका पडद्याआड एकेक बिऱ्हाड होतं. धोबीण ग्लिकेरियाने शेजारच्या उपाशी लेखकाला हिवाळाभर कोबीचं सार पाजलं, तापाने गेलेल्या लेकीचं दुःखही त्याच्यापाशीच मोकळं केलं. पुढे तो निघून गेला. आता त्याची कादंबरी वर्तमानपत्रात येई आणि एक म्हातारा शिपाई ती सगळ्यांना वाचून दाखवी.

आज त्या कादंबरीत धोबीण ग्लिकेरिया आली. तिला सार पाजणारा देवमाणूस लेखक होता, आणि तिने दारूपायी पोटची पोर विकली होती.

“मेल्या, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस!” ग्लिकेरिया कडाडली. “उलीता, खोटं आहे गं हे सगळं!”

उलीता रोज आपली मुलगी तिच्याच भरवशावर टाकून कामाला जाई.

“छापलेलं का खोटं असतं?” म्हणत तिने ग्लिकेरियाच्या मांडीवर झोपलेली पोर उचलून घेतली.