वरच्या खोलीतलं ऐंशी साल

मी एक जुना डबा आहे, आणि ही गोष्ट एकोणीसशे शहाण्णव सालची आहे. डबा म्हटल्यावर तुम्हाला खाऊ आठवला असेल, मित्रांनो. माझ्या पोटात खाऊ नाही. तिथे तांब्याच्या बारीक रेघा आहेत आणि झोपलेल्या किड्यांसारखे दिसणारे काळे तुकडे आहेत. अंगावर राखाडी पत्रा, कपाळावर एकच पिवळा दिवा. दोन्ही बाजूंना कानासारखी भोकं आहेत. एका कानाने ऐकायचं, दुसऱ्या बाजूला सांगायचं आणि मधे स्वतःचं अक्षरही घालायचं नाही, एवढंच मला शिकवलं गेलं. ज्या बाईंनी माझा शेवटचा स्क्रू आवळला, त्यांनी मला टेबलावर ठेवून एका बाजूने हाक दिली आणि दुसऱ्या बाजूला ती हाक जशीच्या तशी आली तेव्हा मान डोलावली. तेवढंच माझं शिक्षण.

मी ज्या घरात आलो तिथे दगडावर नावं कोरण्याचं काम चाले. गेलेल्या माणसांची नावं. खाली अंगणात पाथरवट बसे. त्याच्याजवळ दगडावर अक्षरं कापणारं यंत्र होतं, पण अक्षरांच्या कडा तो हातानेच, छिन्नीने साफ करी. अंगणाला लागून असलेल्या ऑफिसात एक सर्व्हर होता, म्हणजे युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारा मोठा कॉम्प्युटर, कडक शिस्तीचा. त्याच्यात प्रत्येक शिळेचा मजकूर साठवलेला असे आणि यंत्र त्याच्याकडूनच मजकूर घेई. वरच्या मजल्यावर आत्याची खोली. आत्या म्हणजे घरमालकाची आत्या. तिने लग्न केलं नाही, दुसरं घर पाहिलं नाही. गावातलं कोण कुणाचं कोण, हे तिला तोंडपाठ होतं. तिच्याकडे एक जुना घरगुती कॉम्प्युटर होता. कीबोर्ड दातांसारखा पिवळा पडलेला, पण तिचा त्याच्यावर जीव. "नवा नको मला," ती म्हणे. "ह्याला माझी बोटं कळतात."

ह्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरची आणि सर्व्हरची भाषाच वेगळी. वरून टेलिफोनच्या तारेसारखी बारीक वायर यायची, खालून काळी जाड केबल. म्हणून घरातल्या सुनेने मला आणलं आणि जिन्याच्या वळणावर फळीवर बसवलं. सून म्हणजे घरमालकाची, आत्याच्या ह्या भाच्याची, बायको. सर्व्हरचं सगळं तीच पाही. पहिल्या दिवशी वरचा मजकूर खाली उमटला तेव्हा आत्या जिन्यात येऊन मला थोपटून गेली. "बरा दुभाष्या मिळाला गं. पदरचं एक अक्षर घालत नाही."

काम असं चाले. गिऱ्हाईक येऊन नाव सांगे, सून ते खाली लिहून घेई. संध्याकाळी दिवेलागणीला जुळणी होई. माझ्यातून दोन्हीकडचे मजकूर समोरासमोर यायचे, ज्याच्यावर नवी तारीख असेल तो राहायचा, जुना पुसला जायचा. सुनेचा मजकूर असा वर जाई. दुसऱ्या दिवशी आत्या तो तपासे, चुका सुधारी. पुढच्या जुळणीत तिची दुरुस्ती खाली येई आणि मग दगडाला हात लागे. कित्येक वर्षं एकही शिळा चुकली नाही.

त्या उन्हाळ्यात सुनेने आत्याचा कॉम्प्युटर पुसायला उघडला. आतला घड्याळाचा सेल फुगून गळायला लागला होता. तिने तो अलगद काढला. "नवा आणू नंतर," ती म्हणाली. मित्रांनो, 'नंतर' हा फार मऊ शब्द आहे. त्यावर सगळं घर निवांत झोपतं.

सेल नसलेल्या कॉम्प्युटरला रात्र ओलांडता येत नाही. बटण बंद झालं की तो सगळे दिवस विसरतो आणि सकाळी त्याच्या कॅलेंडरातल्या पहिल्या दिवशी जागा होतो. एक जानेवारी, एकोणीसशे ऐंशी. रोज तोच दिवस. खाली अंगणात शहाण्णव साल चालू, वरच्या खोलीत ऐंशी. आणि मी जिन्याच्या वळणावर, एक कान ह्या सालात, एक कान त्या सालात. वरून येणारा वारासुद्धा मला थंड वाटायचा.

आत्या एखाद्या गेलेल्या आजोबांचं वय सुधारायची. त्या दुरुस्तीवर तारीख पडायची ऐंशी सालची, म्हणजे ते आजोबा हिंडतेफिरते असतानाची. माणसं मरायच्या सोळा वर्षं आधीच कुणीतरी वर बसून त्यांच्या शिळा लिहीत होतं, असं ते दिसायचं. सर्व्हर शिस्तीचा. तो म्हणायचा, हे जुनं. दुरुस्ती पुसायचा आणि मूळची चूक माझ्याच हाती वर पाठवायचा. मी ती पोचवत होतो. दिवा लुकलुकण्यापलीकडे मला काही करता येत नव्हतं.

चुकलेल्या शिळा अंगणात जमू लागल्या. भाच्याला त्या बघवत नसत, म्हणून पाथरवटाने त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या केल्या. शिक्षा केलेल्या मुलांसारख्या.

"आत्या, अगं वय चुकलंय. तपासलं नव्हतंस?"

"तपासलं होतं रे. सुधारलं होतं. ये, दाखवते." आणि ती कॉम्प्युटर लावून दाखवायला जाई, तर तिथेही चूकच बसलेली.

मग गावातल्या चष्मेवाल्याचं झालं. त्याचा धाकटा भाऊ गेला होता. नाव सांगायला हा थोरला आला, आणि सुनेने गडबडीत गेलेल्याच्या जागी सांगणाऱ्याचंच नाव लिहिलं. आत्याने वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, ह्याने तर काल मला रस्त्यात हाक मारली!" तिने नाव बदललं, दोनदा वाचलं, मगच उठली. दिवेलागणीला जुळणी झाली.

शिळा न्यायला चष्मेवाला आला. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पाथरवटाला म्हणाला, "बाबा रे, चष्मा माझ्याच दुकानातला आहे, तेव्हा दोष नंबरला देता येत नाही. हा दगड माझा आहे."

पाथरवट छिन्नी खाली ठेवून उभा राहिला. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी भाचा जिना चढून वर आला. "आत्या, आता पुरे. खूप केलंस. सोमवारी हा कॉम्प्युटर खाली नेतो. तू आराम कर."

"म्हणजे माझं डोकं गेलं, असं म्हण ना."

"असं कोण म्हणतंय?"

"तू जिना चढलास तेव्हाच म्हणालास."

तो उतरून गेल्यावर ती माझ्या फळीपाशी आली. तळहात माझ्या पत्र्यावर ठेवला. "तुला ठाऊक असेल रे. मी लिहिलं होतं ना?" माझा दिवा लुकलुकला. पण तो तर दिवसभर लुकलुकतच असे. माझ्या होकाराचं मोल ते काय!

आयुष्यभराची तिची खुर्ची सोमवारी जाणार होती, आणि खुर्चीबरोबर तिचा स्वतःवरचा विश्वासही. इतके दिवस जुळणीच्या वेळी ती खाली चहाला जात असे. आदल्या संध्याकाळी ती गेली नाही. एका शिंपीणबाईंचं आडनाव तिने सुधारलं आणि पडद्यासमोर हात मांडीवर घेऊन बसून राहिली. खोलीत अंधारून आलं. माझ्यातून नेहमीसारखी कुजबुज सुरू झाली, संपली. तिने मजकूर उघडला. जुनं, चुकीचं आडनाव परत आलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तिने पुन्हा सुधारलं, पुन्हा जुळणी लावली. पुन्हा तेच.

दुसरं कुणी असतं तर किंचाळलं असतं. आत्याने दीर्घ श्वास सोडला. भीतीपेक्षा सुटका मोठी होती. "मी नाही विसरत," ती हलकेच म्हणाली. "इथे आणखी कुणीतरी आहे."

मग तिने जिन्यातून अशी हाक मारली की दोघंही धावत वर आली.

"आत्या, भूतबित काही नसतं गं," भाचा म्हणाला.

"नसेल. मग तू बस. तुझ्या हाताने लिही."

तो हसत बसला. त्याने आडनाव लिहिलं, जुळणी लावली. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याने लिहिलेलं गेलं, चुकीचं नाव परत येऊन बसलं. त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं, फक्त रंग गेला.

सून पुढे वाकली. कोपऱ्यात बारीक अक्षरात तारीख होती. रोज डोळ्यांसमोर असतं ते कोण वाचतं! "आत्याबाई, हे कुठलं साल म्हणतंय?"

आत्याने चष्मा सारखा केला. "ऐंशी. एक जानेवारी." तिने त्या तारखेवर बोट टेकवलं. "तेव्हा तुझे सासरे होते. त्या दिवशी ते खाली अंगणात शिळा घासत होते. मला हाक मारून म्हणाले होते, ताई, खाली ये, ऊन छान पडलंय."

खालून छिन्नीचा आवाज आला. पाथरवटच होता तो, दिवसाचं शेवटचं अक्षर साफ करत. पण तिघांनीही खिडकीकडे पाहिलं आणि उठून बघायला कुणीच गेलं नाही.

"सेल," सून एकदम म्हणाली. "मीच काढला होता. आणू नंतर म्हटलं होतं."

भाचा आत्याच्या पायाशी बसला. "आत्या, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. सोमवारी काही हलवायचं नाही. खुर्ची तेवढी खिडकीकडे सरकव, मला पाठीवर ऊन हवं असतं."

नवा सेल आला आणि वरच्या खोलीत शहाण्णव साल उजाडलं. पुढे सुनेने नेमच केला. वर्ष बदललं की घरातले सगळे सेल बदलायचे. भाचा शिळेला हात लावण्याआधी मजकूर आत्याला मोठ्याने वाचून दाखवू लागला. पाथरवट हात थरथरू लागल्यावर लेकीकडे राहायला गेला, जाताना छिन्नी मात्र घेऊन गेला. चष्मेवाल्याने भावासाठी दुसरी शिळा नेली आणि स्वतःच्या नावाची तिथेच ठेवायला सांगितली. "राहू दे. लागेल." बरीच वर्षं ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. एके दिवशी तिला वळवलं, भावाची तारीख घासून काढली आणि वरच्या खोलीतून फक्त एक तारीख खाली आली. ती आत्यानेच लिहिली. या वेळी ती पुसली गेली नाही.

आता नवे कॉम्प्युटर आलेत, त्यांना दुभाष्या लागत नाही. मी त्याच फळीवर आहे, दोन्ही कान रिकामे. मित्रांनो, घरातलं म्हातारं माणूस "मी केलं होतं" म्हणालं, तर त्याच्या डोक्यावर शंका घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून बघा. सेल बदलायला फारसा वेळ लागत नाही.

माझ्यातून शेवटचा मजकूर गेला तो आत्याच्या शिळेचा. सुनेने वर जाऊन, आत्याच्या खुर्चीत बसून, त्याच पिवळ्या कीबोर्डवर तो लिहिला. दिवेलागणीला तो माझ्यापाशी आला. नाव बरोबर होतं. तारीखही बरोबर होती. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आज वर ऐंशी साल असायला हवं होतं. सर्व्हरने तो मजकूर जुना म्हणून पुसून टाकला असता.

मी तो खाली पोचवला.