पाखऱ्याचा बेंदूर

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या दिवशी विश्रामबागेतून आष्ट्याकडे एक मुलगी स्कूटरवरून एकटीच भांडत चालली होती. तिचं नाव राजेश्वरी. भांडण मानसिंगशी होतं, आणि मानसिंग आष्ट्याजवळच्या मळ्यात, आई आरती ओवाळत होती म्हणून हात जोडून उभा होता. आरती मोबाइलची होती.

हे नीट सांगायला हवं.

'सातरान' नावाचा एक मोबाइलवरचा खेळ आहे. त्यात जादूची जंगलं आहेत, राक्षस आहेत, तलवारी तर पोत्यानं आहेत. पण जनावर मात्र पकडता येत नाही की विकत मिळत नाही. त्याच्याशी दोस्ती करावी लागते. हत्यार खाली ठेवायचं, जनावराकडे पाठ करून बसायचं, आणि ते चावलं तर चावू द्यायचं. साखळी घालून ओढलंत तर ते येतं, पण जन्मात तुमचं होत नाही. राजेश्वरी विम्याच्या ऑफिसात दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घ्यायची, त्यामुळे चावून घ्यायचा सराव तिला होता. तिनं एका तरसाच्या मादीशी दोस्ती केली. अख्खा हिवाळा त्यात गेला. चुलत बहिणीच्या हळदीला सगळं खानदान नाचत असताना ही मांडवामागं बसून तरसाकडून चावून घेत होती. मग एके दिवशी दुपारी ते तरस तिच्या पाठीला पाठ लावून झोपलं आणि त्याच्या डोक्यावर दोस्तीचा दिवा लागला. राजेश्वरी ऑफिसातच रडली. साहेबांना वाटलं टार्गेटमुळे, म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. तरसाचं नाव तिनं ठकी ठेवलं.

ठकी आता जळमटराजाच्या कोंडवाड्यात होती. मागच्या लढाईत त्यानं तिला धरून नेलं होतं. आणि खेळाच्या कंपनीनं जाहीर केलं होतं की आज संध्याकाळी सहाला हंगाम संपणार, कोंडवाड्यात उरतील ती जनावरं कायमची पुसली जाणार. त्या सूचनेखाली कंपनीनं हसरा चेहरा टाकला होता. राजेश्वरीला त्या चेहऱ्याचा राहता पत्ता हवा होता.

कोंडवाड्याचं दार फक्त शिंगाचं जड जनावर फोडू शकतं. तिघांच्या टोळीत तसं एकच होतं, मानसिंगचा गेंडा, पाखऱ्या. तिसरा गडी तारिक. तो कराडला टायरच्या दुकानात बसायचा आणि त्याच्याकडं एक साळिंदर होतं, जे बहुतेक वेळा त्यालाच टोचायचं.

अशा दिवशी सकाळी मानसिंगचा निरोप आला की पाखऱ्या आज येणार नाही. बेंदूर आहे. बेंदराला जनावर जुंपत नसतात.

राजेश्वरीनं तारिकलाही जोडून घेऊन फोन लावला. पाखऱ्या बैल नाही, गेंडा आहे, असं तिनं सांगितलं. मानसिंगनं मान्य केलं. तो गेंडासुद्धा नाही, नुसतं चित्र आहे, असं सांगितलं. तेही त्यानं मान्य केलं. मागच्या महिन्यात कर्नाटकी बेंदूर होता तेव्हा हाच गेंडा दिवसभर लढत होता, हे तिनं काढलं, तर तो म्हणाला तो बेंदूर आपला नव्हे. मध्येच तारिकनं विचारलं की पाखऱ्याला हाफ डे देता येईल का. त्याला दोघांनीही गप्प बसवलं.

"आक्का," मानसिंग शेवटी म्हणाला, "बैल इकून ट्रॅक्टर आणला तवापास्नं दावण मोकळीच हाय. आई दर बेंदराला रडती. औंदा पाखऱ्या हाय म्हणून न्हाई रडली. आता तिला काय म्हणू?"

"म्हण की आज ठकी मरणार आहे."

त्यानं फोन ठेवला. चार वाजेपर्यंत तो परत उचलला नाही, तेव्हा राजेश्वरीनं ऑफिसात सांगितलं की घरातलं माणूस अत्यवस्थ आहे, आणि स्कूटरला किक मारली.

वाटेत तिनं जमवलेल्या शिव्या आष्टा यायच्या आत दोनदा घोकून झाल्या होत्या. पण मळ्यात शिरली आणि शिव्यांचे पाय मोडले. गोठ्यातल्या मोकळ्या दावणीत पाट, पाटावर गव्हाची रास, राशीला टेकवून मोबाइल. मोबाइलला झेंडूची माळ. स्क्रीनगार्डवर हळद-कुंकू, आणि त्यामागून पाखऱ्या रवंथ करत समोरच्या पुरणपोळीकडं बघत होता. दाराशी ट्रॅक्टर उभा होता. त्याला कुणी बोटभर कुंकूही लावलं नव्हतं.

मानसिंगची आई, साळूबाई, म्हणाली, "ये बया. आक्का ती तूच व्हय? टेक."

राजेश्वरी टेकली नाही. "काकू, माझं जनावर कोंडवाड्यात अडकलंय. सहा वाजता मारणार त्याला. आणि तुमचा मानसिंग म्हणतोय आज सण आहे."

साळूबाईनं निरांजन खाली ठेवलं. कोंडवाड्यात दाणापाणी मिळतं का, असं तिनं विचारलं. राजेश्वरी म्हणाली, नाही. मग साळूबाई लेकाकडं वळली, आणि राजेश्वरीला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला राग येतो तो राग नव्हेच, नुसती कुरकुर आहे.

"बेंदराच्या दिशी मुकं जनावर कोंडून घातलंय, आन तू हितं हात जोडून हुबा ऱ्हातोस व्हय रं?"

"आये, तूच म्हणलीस जुपायचं न्हाई."

"जू नगं म्हणलं. कर तोडू नगं आसं कवा म्हणलं?"

बेंदराला संध्याकाळी वेशीत आडवा दोर बांधतात, पानाफुलांचा. तो कर. सजवलेला बैल वाजतगाजत येतो आणि धावत जाऊन कर तोडतो. ते काम नव्हे, मान. साळूबाईच्या मते दोर काय आणि दार काय, बैलाला दोन्ही सारखंच. अट एकच, खांद्यावर काही ठेवायचं नाही.

म्हणजे चिलखत नाही. चिलखताशिवाय पाखऱ्याला पहिल्याच भाल्यात लोळवतील, असं राजेश्वरी ओरडून सांगत होती. मिरवणुकीत कोण भाला मारतंय, असं साळूबाईनं विचारलं. वेळ उरला नव्हता. खेळाच्या दुकानात फुकटच्या वस्तू धूळ खात पडल्या होत्या, त्यातला सोनेरी रंग पाखऱ्याच्या शिंगाला लावला, पाठीवर झूल टाकली. झूल चालते, ती साळूबाईनं पास केली. आदल्या दिवशी बैलाचे खांदे तेलानं मळतात, त्या खांदेमळणीचं तेल स्क्रीनवर तसंच होतं, त्यामुळं मानसिंगचं बोट घसरून पाखऱ्या मधूनमधून उगाचच गोल फिरायचा. राजेश्वरीनं आपला मोबाइल काढला, खेळातली तलवार म्यान केली आणि दात खात पुढं निघाली. कराडहून तारिक कानात हलगी वाजवायला लागला. हलगी नव्हती, टायरची रिम होती.

आणि जळमटराजाच्या गडाचे पहारेकरी नुसते बघत राहिले. हत्यार उपसलेला माणूस दिसला की तुटून पडायचं एवढंच त्यांना शिकवलेलं. सोनेरी शिंगाचा गेंडा गिरक्या घेत, मागं साळिंदर घेऊन वरातीत आला तर काय करायचं, हे कंपनीनं त्यांच्या डोक्यात घातलंच नव्हतं. एकानं तर बाजूला होऊन वाट दिली. राजेश्वरीला त्याचाही राग आला. एवढं सोपं होतं तर हंगामभर डोकी कशाला फोडली?

"आता सोड त्येला," साळूबाई म्हणाली. मानसिंगनं सोडला. पाखऱ्या धावला आणि दार पापडासारखं फुटलं.

ठकी आत होती. हाडकुळी, कोपऱ्यात. राजेश्वरी हाका मारत गेली आणि ठकीनं तिला फाडलं. डोक्यावरचा दोस्तीचा दिवा विझलेला होता. राजानं दोस्तीच पुसली होती. ती कुणालाच ओळखत नव्हती.

सहाला काही मिनिटं उरली होती. मानसिंग म्हणाला, साखळी घाल आणि ओढ. तारिकही तेच म्हणाला, जगेल तरी. राजेश्वरीनं साखळी हातात घेतली. मग तिला तो हसरा चेहरा आठवला, आणि तिनं साखळी भिंतीवर भिरकावली. कंपनीला ठकी पुसायची होती, नाहीतर तिच्याच हातून नासवायची होती. दोन्हीतलं काही ती देणार नव्हती.

पळणाऱ्याच्या मागं तरस लागतं. ती पाठ फिरवून पळाली. ठकी मागं लागली. तिनं आधी टाच धरली, मग पोटरी. राजेश्वरी ना ढाल घेत होती, ना औषध पीत होती. मोबाइलमध्ये तोंड घालून ठकीला पिढ्यांचा उद्धार ऐकवत, चिडवत ती सुटली होती, की कसंही करून त्या टवळीचा राग उंबऱ्याच्या आत संपू नये. साळूबाईनं कानावर हात घेतले, पण डोळे स्क्रीनवरच होते. मोडक्या दारातून दोघी बाहेर पडल्या. तिथं ठकीनं गळा धरला. राजेश्वरी आडवी झाली, सहा वाजले आणि मागं अख्खा कोंडवाडा पुसला गेला.

स्क्रीनवर ठकी तिच्या मढ्यावर बसून बूट चघळत होती आणि हसत होती. जिवंत होती.

आतली बाकीची जनावरंही गेली होती, कुणाकुणाची होती कोण जाणे, आणि त्या विचारानं राजेश्वरीला कुणाला तरी धरून बडवावंसं वाटत होतं.

"मेलीस काय गं?" साळूबाईनं विचारलं.

"मेले की."

"मग हात धू. पोळी गार हुती."